पूर्ण ऐकलंस का?

गडहिंग्लजच्या दवाखान्यात डॉक्टर मृण्मयीने शेवटच्या पेशंटला, आक्काताई मगदूम यांना, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलीचा शाळेतला नाच गाठायचा होता. ती उठणार, एवढ्यात कानातल्या यंत्राने तिच्याच आवाजात विचारलं, "यांचं पूर्ण ऐकलंस का?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी आपलं ध्येय या यंत्राला सांगायचं, असा आता रिवाजच होता. यंत्र सल्ला देत नसे. घाईत घेतलेल्या निर्णयापाशी फक्त प्रश्न विचारी. पंधरा वर्षांपूर्वी मृण्मयीने सांगितलं होतं, 'मला ऐकून घेणारी डॉक्टर व्हायचंय.'

ती पुन्हा बसली. "मावशी, अजून काही होतंय का?"

"डावा हात जड झालाय सकाळधरनं. तुमची गडबड दिसली, म्हणून बोलले न्हाई."

ईसीजीत हार्ट अटॅक दिसला. मुलीचा नाच हुकला, पण मावशींवर वेळेत उपचार झाले.

पंधरा दिवसांनी मावशी पेढे घेऊन आल्या. "तुमच्यामुळं वाचले बघा."

"मी तर निघाले होते, मावशी. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका नवख्या डॉक्टरणीने मला थांबवलं."

मावशींनी आणखी एक पेढा तिच्या हातावर ठेवला. "मग ह्यो तिला द्या."

डोळे पुसत मृण्मयीने तोही खाल्ला.