अर्धी दाढी

फकिरानं वस्तरा खाली ठेवला तेव्हा जयरामचा डावा गाल साफ झाला होता आणि उजव्या गालावर फेस तसाच होता.

फकिराच्या मोबाइलवर आत्ताच बातमी आली होती. जयरामचे आमदार सकाळी पक्ष बदलून पलीकडे गेले होते. आमदार जिकडे, जयराम तिकडे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चौकातल्या फ्लेक्सवर आमदारांच्या कोपराखाली त्याचाही फोटो होता.

"आमच्या खुर्चीत आता तुम्हाला बसता येणार नाय, जयरामभाऊ," फकिरा म्हणाला आणि त्यानं उरलेला फेस टॉवेलनं हळुवार पुसून दिला. माणूस तसा प्रेमळ.

नाशिकलगतच्या या गावाला पूर्वी एक सलून पुरत होतं. निवडणुकीनंतर प्रत्येक पक्षाचं वेगळं झालं आणि दोन्ही न्हावी दिवसभर माशा मारू लागले. भाजीचे टेम्पोही दोन झाले. ते अर्धे रिकामे मार्केटला जात, डिझेल मात्र पुरेपूर पीत. याला गावात राजकीय जागृती म्हणत.

जयराम तसाच रस्ता ओलांडून संतोषच्या सलूनमध्ये शिरला. संतोषनं त्याला बसू दिलं नाही. माणूस कालपर्यंत तिकडचा होता, त्याला आपल्यात घ्यायचं की नाही याचा वरून निरोप आला नव्हता. निरोप आला की दाढी करू, तोवर धीर धरा, असं त्यानं सांगितलं.

धीर धरायला वेळ कुठे होता? आज पिंपळगाव बसवंतला कुंदनसाठी मुलगी बघायला जायचं होतं. पोरगा सातपूरच्या कंपनीत नोकरीला, स्वभावानं गरीब. पण आधीची दोन्ही स्थळं बापानं पोहे येण्याआधीच पक्षावरून भांडून घालवली होती. हेही गेलं तर पोराचं लग्न विसरा, असं कुसाबाईनं नवऱ्याला रडून सांगितलं होतं.

"कुंदनचं रेझर घ्या आन् घरीच उरका," ती म्हणाली. पण घरी उरकणं म्हणजे दोन्ही सलूनांपुढे माघार. जयराम तोंडाला उपरणं गुंडाळून गाडीत बसला. कोणी विचारलंच तर दाढ दुखते म्हणायचं. कुंदन वाटभर खिडकीबाहेर बघत राहिला.

दारात मुलीचे वडील सावळीराम स्वागताला उभे होते. त्यांच्या तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. त्यांचीही दाढ दुखत होती म्हणे. दोघांनी एकमेकांना लवंग धरायचा सल्ला दिला आणि बैठकीत जाऊन बसले.

त्यांची मुलगी सायली चहा घेऊन आली. उपरण्यातून चहा पिता येत नाही. जयरामनं कपाकडे पाहिलं, कुसाबाईकडे पाहिलं, हेही स्थळ गेलं असं मनाशी म्हणाला आणि उपरणं सोडलं.

सावळीरामांनी ती अर्धी दाढी पाहिली. मग त्यांनीही टॉवेल काढला. त्यांचा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्यावर पांढरे खुंट.

"आमचे आमदार आज तिकडं गेले," जयराम म्हणाला.

"आमचे तिकडून आज तुमच्या जुन्या पक्षात आले," सावळीराम म्हणाले.

म्हणजे दोघे कालही विरोधात होते आणि आजही. कुंदननं डोळे मिटून घेतले. पण जयरामला भांडण सुचेना. अख्ख्या जिल्ह्यात त्याची अवस्था समजेल असा हा एकच माणूस होता, आणि त्याच्याबद्दल त्याला अशी माया दाटून आली, जी आपल्या पक्षातल्या कुणाबद्दल कधी आली नव्हती. त्यानं बशीत चहा ओतून आधी सावळीरामांपुढे धरला. सायली ट्रेमागे तोंड लपवून हसत होती, आणि डोळे उघडलेला कुंदन तिच्याकडे बघत होता.

कुसाबाईनं एकदा या गालाकडे पाहिलं, एकदा त्या गालाकडे.

"चला, दोघांचं मिळून एक तोंड तरी पुरं झालं," ती म्हणाली. "आता पोरांचं बोलू."