प्रयोगशाळेची किल्ली

"मॅडम, पहिल्या रांगेत बसा ना," असं दोनदा सांगूनही विनता शाळेच्या सभागृहाच्या दारातच उभी होती. इंदू येईपर्यंत तिला बसवत नव्हतं.

मंचावर फलक होता: समाजसेवेसाठी माजी विद्यार्थिनी सन्मान. खमरियातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये बावीस वर्षं वर्ग चालवून विनताने शाळा सुटलेल्या दोनशेवर मुलींना दहावीला बसवलं होतं. तिचं नाव सुचवलं शालिग्राम सरांनी, तेही सलग तीन वर्षं. तिला शाळेत विज्ञान शिकवलेले सर आता ऐंशीचे झाले होते. दर जूनमध्ये तिच्या मुलींसाठी पुस्तकं पाठवायचे, पण स्वतः कधी वर्गात पाऊल टाकलं नव्हतं.

दोनदा विनताने नाही म्हटलं. यंदा हो म्हटलं, ते एकाच गोष्टीसाठी.

इंदू आली ती चेरीताल मोहल्ल्यातून ऑटोने, पदर घट्ट धरून.

"काहून बोलावलंस गं मला? या गेटातून आत येताना परत जावंसं वाटून राहिलं होतं मला."

"माझ्यासाठी बस. थोडाच वेळ."

"अच्छा, बसते. पण मागे."

नववीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत दार उघडं बघून विनता चोरून प्रयोगशाळेत शिरली होती. नवा मायक्रोस्कोप बघायची हौस, दुसरं काही नाही. हात लावला न लावला तोच नळी निखळून हातात आली. ती तशीच टेकवून विनताने धूम ठोकली. बोटांना काहीतरी तपकिरी, चिकट लागलं होतं, ते साबणानेही लवकर निघेना.

त्या दिवशी प्रयोगशाळा झाडायची पाळी वर्गातल्या राजश्रीची होती, पण किल्ली इंदूकडे होती. इंदू शाळेच्या चपराशाची मुलगी. मोठ्या बाईंनी तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं. "मी नाही," एवढंच ती म्हणत राहिली. शालिग्राम सर खाली मान घालून उभे होते. बिचाऱ्या सरांचा जीव होता त्या मायक्रोस्कोपवर, असं विनताला वाटलं. तिचं स्वतःचं तोंड मात्र उघडलं नाही. त्याच आठवड्यात वडिलांनी इंदूची शाळा बंद केली, आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून टाकलं.

पुढे दहावीचा फॉर्म भरायला बसलेल्या प्रत्येक मुलीच्या जागी विनताला इंदू दिसायची. लोक त्याला सेवा म्हणत. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नाव पुकारलं. सरांनी तिला शाल पांघरली आणि तिच्याकडे न बघता ते खुर्चीत बसले. टाळ्या थांबायची वाट न बघताच विनता माईकपाशी गेली.

"हा सन्मान मला घेता येणार नाही," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांपूर्वी या शाळेचा मायक्रोस्कोप माझ्या हातून मोडला. शिक्षा इंदूला झाली. ती मागे बसली आहे. इंदू, मी गप्प राहिले. तुझी शाळा माझ्यामुळे गेली. मला फार लाज वाटते."

तिने शाल काढून घडी केली. मागच्या रांगेत इंदू उठून उभी राहिली होती.

मग मंचावरची एक खुर्ची सरकली. शालिग्राम सर काठी न घेताच माईकपर्यंत आले.

"विनता बेटा, ती शाल परत पांघर. तुझ्या हातून काही मोडलं नाही," ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी तो माझ्याच हातून पडला होता. मी लाखेने चिकटवून ठेवला, आणि सकाळी राजश्रीकडची किल्ली काढून मुद्दाम चपराशाच्या मुलीला, इंदूला दिली."