अप्पांची गाठ

सोलापूरच्या नव्या कारखान्यात रेणुका चिलवेरीनं शिकवणारा हातमोजा चढवला. विद्यापीठानं आणि कारखानदारांनी मिळून जुन्या विणकरांच्या हातांच्या हालचाली त्यात साठवल्या होत्या. त्यामुळेच गावातले बंद पडलेले माग पुन्हा सुरू झाले होते.

विणताना धागा तुटला. मोज्यानं तिची बोटं वळवून गाठ मारली, पण अनामिका बाजूलाच ठेवून.

"एवढा दोष राहिलाय. आत्ताच काढून टाकतो," विद्यापीठाचे प्राध्यापक बिराजदार लॅपटॉप उघडत म्हणाले.

"नको, सर! आमच्या अप्पांचं ते बोट मागात सापडून तुटलं होतं. लहानपणी माझे हात धरून ते अशीच गाठ शिकवायचे."

बिराजदारांनी लॅपटॉप मिटला.

रेणुकानं मुद्दाम आणखी एक धागा तोडला.