सहावी प्लेट

प्रयोगशाळेत जठराच्या पेशी वाढवण्यात ताईंचा हातखंडा होता. सहा प्लेटा, सहा माणसांच्या पोटांतल्या पेशी. सहावा माणूस मिळेना, म्हणून ताईंनी स्वतःच्याच दिल्या होत्या. त्या पेशींना ताई पोटची पोरं म्हणत.

रोज एका प्लेटमध्ये दूषित पाण्यातून पोटात जाणारे जंतू सोडायचे आणि पेशींतली कोणती जनुकं खडबडून जागी होतात ते बघायचं. त्याआधी सहाही प्लेटांचं एक रीडिंग घ्यायचं, शांत असतानाचं.

पण आठवडाभर एक प्लेट आधीच जागी सापडत होती. नेमकी तीच, जिच्यात ताई नंतर जंतू सोडणार असत.

"नकळत हात लागत असेल तुमचा," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "आधी रीडिंग घ्या, मग चिठ्ठी काढून प्लेट ठरवा."

रीडिंगमध्ये तिसरी जागी होती. चिठ्ठीही तिसरीचीच निघाली.

सरांचा चेहरा उतरला. "उद्या जंतू बाहेर काढूच नका."

आज जंतूंच्या कुप्या कुलपात होत्या. दुपारी रीडिंग आलं. पाच प्लेटा शांत होत्या. सहावी, ताईंची स्वतःची, कधी नव्हे इतकी जागी होती.

"जंतू तर घालणारच नव्हतो," सर हळूच म्हणाले.

ताईंनी हातातला ग्लास सावकाश टेबलावर ठेवला. त्यातलं पाणी अर्धं संपलं होतं.