बाबांची इमारत

“यातली तुमची इमारत कुठली, बाबा?” खाडीतल्या होडीतून काचेचे टॉवर बघत शाल्मलीनं विचारलं. ही सगळी रांग आखण्यात बाबांची बावीस वर्षं आखातात गेली होती. तिच्या दहावीच्या निकालालाही ते घरी नव्हते.

त्यांनी दोन टॉवरांमधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

“तिथं तर काहीच नाही!”

“तिथंही टॉवर येणार होता. वारा अडेल म्हणून मी भांडून ती जागा मोकळी ठेवली.”

“एवढ्यासाठी आम्ही तुमची वाट बघत बसलो?”

होडी त्या जागेसमोर येऊ लागली, तशी होडीतल्या, कामावरून परतणाऱ्या मजुरांनी सवयीनं तिकडे तोंड करून शर्टाची वरची बटणं सोडली.

मग समुद्राचा वारा आला. शाल्मलीनंही ओढणी मागं सारली.