डाव्या गालावरचा तीळ

"ही कोण तुमची?" छायानं विचारलं.

"घरातलीच हाय," चिमाजी म्हणाला आणि वर पंख्याकडे बघायला लागला.

छायाला तिथंच संशय आला. त्यानं टेबलावर ठेवलेला फोटो कात्रीनं कापलेला होता. कडेला कुठल्यातरी नवरदेवाचा खांदा आणि मुंडावळ्यांची टोकं उरली होती. त्याच्या मागून एक पोरगी पाण्याचे पेले घेऊन चाललेली. सोळा-सतराची असेल. तिचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. आपला फोटो निघतोय हे तिच्या गावीही नसणार. तो चेहरा मोठा करून टी-शर्टवर छापायचा होता. एकच टी-शर्ट, आणि तोही चिमाजीच्या मापाचा. पन्नाशीचा बाप्या छातीवर कोवळी पोरगी घेऊन हिंडणार.

"दुसरा फोटो आणा काका. समोरून काढलेला."

"दुसरा नाय."

"घरातली आहे आणि दुसरा फोटोच नाही?"

"नाय ना ताई. तुम्ही छापा. पर्वणीच्या आत पाहिजे."

"खाली नाव काय टाकू?"

"नाव नको," तो पटकन म्हणाला.

सिंहस्थाचं वर्ष होतं. रविवार कारंज्याजवळच्या ज्या छपाईच्या गाळ्यात छाया कामाला होती, तिथं स्वयंसेवकांच्या टी-शर्टांचे ढीग पडले होते. कपड्यावर फोटो छापायचं खूळ शहरात नवंच आलं होतं. मागच्या दिवाळीत एक पोरगा असाच एका मुलीचा फोटो घेऊन आला होता. बहीण आहे म्हणाला. छायानं छापून दिला. तो टी-शर्ट घालून तो महिनाभर त्या मुलीच्या कॉलेजच्या फाटकात उभा राहिला. मुलीचं कॉलेज सुटलं. पोराचं काहीच सुटलं नाही. मालक म्हणाला, आपण छापणारे, आपल्याला काय करायचंय. छायाला करायचं होतं. तिच्याच हातानं त्या मुलीचा चेहरा त्या नालायकाच्या अंगावर चिकटला होता. पुन्हा ते पाप तिला नको होतं.

नुसतं हाकलून दिलं तर हा समोरच्या दुकानात जाईल. तिथं कोणी काही विचारणार नाही. त्याला पकडायलाच हवं होतं.

"बसा," ती म्हणाली.

दुकानाच्या पायरीवर झेंडूची रिकामी पाटी घेऊन एक बाई बसली होती. सावलीला टेकली असेल म्हणून छायानं तिला मघापासून उठवलं नव्हतं. चिमाजी स्टुलावर बसला. छायानं फोटो स्कॅनरमध्ये पालथा घातला आणि वरून झाकण लावलं. पडद्यावर पोरीचा चेहरा मोठा झाला. डाव्या गालावर मसुराएवढा तीळ. ठळक.

या कामात कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापावं लागतं. तो कागद कापडावर ठेवून गरम मशीनखाली दाबला की कापडावर चित्र सुलट उमटतं. छायानं रोजच्यासारखं एक बटण दाबलं. चेहरा उलटा झाला. तीळ उजव्या गालावर गेला. रोज ती हे गिऱ्हाइकाला दाखवत नसे. आज तिनं पडदा मुद्दाम चिमाजीकडे फिरवला.

"नीट बघून घ्या. अशीच दिसते ना?"

"अशीच."

"तीळ बरोबर बाजूला आहे ना? एकदा छापलं की बदलता येत नाही."

चिमाजी पुढं वाकला. डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

छाया ताडकन उभी राहिली. "तुम्ही कोण आहात हिचे?"

"आता सांगितलं ना..."

"खोटं सांगितलं! तीळ डाव्या गालावर आहे. मी चित्र उलटं केलंय. घरातल्या माणसाला दिसलं नसतं? कुणाच्या लग्नात घुसून कापून आणला हा फोटो? खरं बोला, नाहीतर चौकीतून पोलीस बोलावते."

चिमाजीनं टोपी काढून हातात घेतली. "बाप हाय मी तिचा," तो अगदी हळू म्हणाला.

"बाप? लाज नाही वाटत? पोरीचा तीळ कुठं आहे ते ठाऊक नाही आणि म्हणे बाप!"

चिमाजीनं मान खाली घातली. चोर पकडला गेला की अशीच मान घालतो. छायानं फोनकडे हात नेला.

तेवढ्यात पायरीवरची बाई आत आली. पाटी खाली ठेवली. पडद्याकडे तिनं एकदाच बघितलं.

"पोरीचं तोंड उलटं का केलं, बाई? तीळ डावीकडं हाय तिचा."

छायाचा हात फोनवरच राहिला. "तुम्ही कोण?"

"मी सरुबाई. तिची आई."

"मग हा माणूस कोण?"

"बापच हाय. खोटं नाय बोलत तो. पोरगी वैशाखात शेतातून गेली ती आलीच नाय. हरवली म्हणायला ह्याला लाज वाटती, म्हणून नाव नको. तिन्ही पोरांचे फोटो भिंतीवर हायेत. हिचा कोणी काढला नाय. भावाच्या लग्नात पाणी वाटताना मधी आली म्हणून हा एवढा तरी निघाला."

सरुबाईनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. पोरीच्या गालावरून दोनदा.

"उद्यापासून मेळ्यात शोधायला जाणार हाय तो. पोरगी समोर येऊन उभी राहिली तरी हा वळखायचा नाय. म्हणून मीच म्हणले, छातीवर छापून घे. लोक तरी वळखतील."