घोड्यावरचं कार्ड

भविष्य सांगणाऱ्या टॅरो कार्डांची जुनी, फिकट चित्रं मृणाली नव्या झगझगीत रंगांत रंगवायची. मृत्यूच्या कार्डाला कुणी घाबरू नये म्हणून घोड्यावरच्या सांगाड्याला तिने चक्क हळदीचा पिवळा रंग दिला होता.

तिचं मानकोलीच्या हितेशवर मन बसलं होतं, पण आई वर्षभर लग्नाला नाहीच म्हणत होती. आज कंटाळून म्हणाली, "काढ तुजा कार्ड. तो सांगंल तसा."

नेमकं तेच निघालं. मृणालीचा चेहरा पडला.

आईने चष्म्याशिवायच डोळे बारीक केले. "नवरदेव हाय की घोड्यावर. हळद पन लागलीय. हितेशसारखाच हडकुळा हाय, पन लग्नानंतर भरंल."

 

चित्राखालच्या 'मृत्यू' या शब्दावर अंगठा दाबून मृणाली आईच्या पाया पडली.